जुन्या स्प्लेंडरच्या इंजिनाचे आवाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी वडिलांनी घेतलेली स्प्लेंडर अजून रोज चालते. आधी दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून, मग माझ्या कॉलेजला, आता नोकरीवर. मीटरची केबल दोनदा तुटली होती, त्यामुळे एकूण किती किलोमीटर झाले याचा हिशेब कुणाकडेच नाही. या गाडीच्या आवाजांमागे मी बरीच वर्षं लागलो आहे. काही आवाज गेले, काही राहिले, आणि एक मी वेळेवर ऐकला नाही. गावात, नात्यात, पार्किंगमध्ये लोक जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे आहेत. स्प्लेंडर १९९४ साली आली. तिचं ९७.२ सीसीचं इंजिन हिरो होंडाच्या आधीच्या सीडी १०० च्याच घराण्यातलं, त्यामुळे सीडी १०० असेल तरी यातलं बहुतेक लागू पडेल.

जुनी गाडी म्हटल्यावर आवाज येणारच. मग काळजी नेमकी कधी करायची?

आवाज बदलला की. पाच वर्षं एकाच सुरात टिकटिकणाऱ्या इंजिनाला बहुतेक वेळा काही झालेलं नसतं. पण काल नसलेला आवाज आज आला, किंवा कालचा आवाज आज जड झाला, तर त्याच दिवशी थांबून बघा. त्यासाठी आपल्या गाडीचा नेहमीचा आवाज कानात बसलेला हवा. रोज सकाळी किक मारल्यावर लगेच रेस न करता अर्धा मिनिट नुसतं ऐका. महिनाभरात सवय होते.

दोन प्रसंगांत मात्र गाडी जागेवर बंद करा. एक म्हणजे रेस वाढवल्यावर इंजिनाच्या खालच्या भागातून ठोके यायला लागले. दुसरा म्हणजे आवाजाबरोबर गाडी ओढेनाशी झाली, जड झाली. मग "गॅरेजपर्यंत जाऊ हळूहळू" असं म्हणू नका. ढकला, टेम्पोत टाका, कुणाला तरी बोलवा.

आवाज कुठून येतोय हे घरी कसं ओळखायचं?

लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या. टोक इंजिनावर टेकवा आणि मुठीचा भाग कानाच्या पुढच्या हाडावर दाबा. डॉक्टरच्या नळीसारखं काम होतं. हेड, सिलिंडर, डावं मॅग्नेटचं कव्हर, उजवं क्लचचं कव्हर, अशा क्रमाने फिरा. जिथे आवाज जवळ, टोकदार वाटेल तिथे तो जन्मतो आहे. सायलेन्सर आणि बेंड, म्हणजे हेडपासून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप, कडक तापलेला असतो, शर्टाची बाही आणि लुंगी सांभाळा.

त्याहून जास्त माहिती स्वतःला प्रश्न विचारून मिळते. आवाज थंड इंजिनाला येतो की गरम झाल्यावर? थंड असताना येऊन नंतर जात असेल तर भाग थोडे झिजलेत, तापून फुगले की फट भरते, एवढंच. गरम झाल्यावर सुरू होत असेल तर जास्त गंभीर घ्या, कारण ऑईल पातळ झालं की झिजलेल्या बेअरिंगला आधार उरत नाही. क्लच दाबल्यावर बदलतो का? बदलला तर क्लच किंवा गिअरबॉक्स. गाडी उभी असताना येतो की फक्त चालताना? फक्त चालताना आला तर इंजिन सोडा, चेन, चाकाचं बेअरिंग, ब्रेक ड्रम बघा.

अजून एक खूण आहे, तिला थोडा सराव लागतो. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या गतीने फिरतो. स्लोला, म्हणजे रेस न देता, इंजिन साधारण १४०० आरपीएमवर असतं, म्हणजे क्रँक सेकंदाला तेवीस फेरे मारतो आणि कॅम बारा. टॅपेटची, म्हणजे हेडमधल्या व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांची, टिकटिक त्यामुळे तुलनेने संथ, सुटी सुटी वाटते. क्रँकशी बांधलेला आवाज तिच्या दुप्पट वेगाने, जवळजवळ सलग येतो.

सकाळी पहिल्या किकला डाव्या बाजूने 'खर्रर्र' होतं आणि मग थांबतं. काय असेल?

टायमिंग चेन. या गाडीचा सगळ्यात ओळखीचा आवाज हाच.

क्रँकच्या जोरावर कॅम फिरवणारी ही चेन डाव्या बाजूने मॅग्नेटच्या आतून वर हेडपर्यंत जाते. ती ताणून धरायला खाली एक दांडी आणि स्प्रिंग असते, वर रबरी रोलर असतात. रात्रभर उभ्या गाडीत ऑईल खाली बसतं, सकाळी ताण यायला क्षणभर उशीर होतो, चेन तेवढ्यात फडफडते. तीन-चार सेकंदांत थांबत असेल तर माझं मत स्पष्ट आहे : चालवत राहा, पण लक्ष ठेवा.

गरम झाल्यावरही खरखर राहिली, विशेषतः रेस वाढवून मूठ सोडताना गोणीत खडे हलवल्यासारखा आवाज आला, तर चेन ताणली गेली आहे आणि रोलरचं रबर दगडासारखं कडक झालं आहे. आमच्या गाडीचा काढलेला रोलर मी बरीच वर्षं टेबलावर ठेवला होता. नव्या रोलरवर नख रुतायचं. जुन्यावर नख घासलं की काचेवर घासल्यासारखा आवाज यायचा, आणि मधोमध चेनच्या कड्यांनी दोन चरे पाडले होते.

इथे एक आग्रहाचं सांगणं. नुसती चेन बदलू नका. चेन, वरचं-खालचं स्प्रॉकेट, रोलर, दांडी, स्प्रिंग सगळं एकदम बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली की ती काही महिन्यांत जुन्यासारखीच ओरडते, आणि मजुरी पुन्हा द्यावी लागते. अर्थात त्याआधी स्वस्तातलं बघून घ्या : इंजिनाच्या तळाशी दांडीचा बोल्ट असतो, तो उघडून स्प्रिंग दबली आहे का आणि दांडीच्या टोकाचं रबर शाबूत आहे का हे कळतं. कधी कधी तेवढ्यावरच भागतं.

दुर्लक्ष केलं तर? सैल चेन आतल्या भिंतीला घासून ॲल्युमिनियमचा भुगा ऑईलमध्ये सोडते. आणि दात सुटून टायमिंग हललं तर गाडी बंद पडते, व्हॉल्व्ह वाकू शकतो.

वरून टिकटिक येते. टॅपेट घट्ट करून घेऊ का?

ॲडजस्ट करून घ्या. घट्ट करून घेऊ नका. हा फरक कळला की निम्मं इंजिन वाचलं.

रॉकर (कॅमच्या धक्क्याने व्हॉल्व्ह दाबणारा भाग) आणि व्हॉल्व्ह यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. जुन्या स्प्लेंडरला ती ०.०५ मिलिमीटर, तीही इंजिन पूर्ण थंड असताना. तुमच्या मॉडेलचं माप पुस्तिकेत बघून घ्या. फट वाढली की टिकटिक वाढते, पण नुकसान हळूहळू होतं. फट उरलीच नाही तर इंजिन गप्प होतं आणि नुकसान झपाट्याने होतं. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, पूर्ण बसत नाही, पेटलेला वायू कडेने निसटतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. मग सकाळी दहा किका, पिकअप गेलेला, ॲव्हरेज घसरलेलं. मालक मात्र खूश असतो, कारण आवाज बंद झालेला असतो. आमच्या मेकॅनिककाकांचं एक वाक्य मी कायम लक्षात ठेवलंय : "टॅपेट बोलता बरा, मुका झाला की व्हॉल्व्ह खातो."

घरी करायचं असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवा. डाव्या कव्हरवरच्या दोन्ही टोप्या काढा, मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून 'टी'ची खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) समोर आणा. आता दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर पिस्टन वर आहे पण स्ट्रोक चुकीचा आहे, आणखी एक पूर्ण फेरा द्या. मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायची ठराविक जाडीची पातळ पट्टी, घाला. गेजचं पान थोडं अडत, पण ओढल्यावर निघेल असं हवं. नट आवळताना स्क्रू जरासा फिरतोच, म्हणून आवळून झाल्यावर गेज पुन्हा घालून बघायचं. ही शेवटची पायरी घाईत गाळली जाते, आणि "परवाच टॅपेट केले होते" ही तक्रार तिथूनच सुरू होते.

मेकॅनिक गरम इंजिनावर, कानाने टॅपेट लावत असेल तर गाडी तशीच परत घेऊन या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना करा म्हणून विनंती करा.

टॅपेट नीट लावले तरी आठ दिवसांत टिकटिक परत येते.

कॅम किंवा रॉकरचं तोंड खाल्लं गेलंय. वरचं झाकण काढून कॅमच्या उंचवट्यावर बोट फिरवा. गुळगुळीत हवा. खडबडीत लागला, बारीक खड्डे दिसले, तर फट कितीही वेळा लावली तरी टिकणार नाही. कॅमच्या बाजूच्या बेअरिंगमध्येही खेळ आहे का बघा. आणि खर्च करण्याआधी ऑईल वरपर्यंत पोचतंय ना याची खात्री करून घ्या, नाहीतर नवा कॅमही तसाच जाईल.

खालून, पोटातून ठकठक येते. रेस वाढवली की वाढते.

हा तो आवाज, जो मी वेळेवर ऐकला नाही.

साताऱ्याहून पुण्याकडे निघालो होतो, मागे भाऊ आणि एक जड बॅग. ऑईल बदलायचं दीड महिना पुढे ढकललेलं, पातळीही पाहिली नव्हती. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्यात गाडी ओढत असताना पायाखालून हातोडीने हलकं ठोकल्यासारखा आवाज यायला लागला. फूटरेस्टवर पायाला तो जाणवत होता. मी म्हटलं चढ संपला की जाईल. चढ संपला, आवाज थोडा कमी झाला, मी चालवत राहिलो. शिरवळच्या अलीकडे गाडी जड झाली आणि थांबली. डिपस्टिक काढली तर टोकाला ऑईलचा थेंबही नव्हता. पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग गेलं होतं. दोष पूर्ण माझा होता. गाडीने जवळपास वीस किलोमीटर सांगून बघितलं होतं.

या इंजिनात ऑईल जेमतेम एक लिटर असतं. त्यातलं दोन-अडीचशे मिली कमी होणं म्हणजे मोठा हिस्सा गेला. आणि स्प्लेंडरला ऑईलचा दिवा नाही, म्हणजे सांगायला आवाजाखेरीज कुणी नाही.

तपासायचं असं : डावं कव्हर काढून मॅग्नेट दोन्ही हातांनी वर-खाली हलवून बघतात, म्हणजे क्रँकच्या मेन बेअरिंगचा खेळ कळतो. रॉडचा खेळ बघायला सिलिंडर उतरवून रॉड सरळ वर-खाली ओढतात. बाजूला थोडी हालचाल चालते, वर-खाली अजिबात नको. खेळ सापडला तर क्रँक काढून कनेक्टिंग भरून, म्हणजे नवा रॉड आणि बेअरिंग बसवून, आणावं लागतं. ते काम प्रेसवर आणि डायल गेज लावून क्रँक सरळ करणाऱ्याकडेच द्या. हातोडीने ठोकून बसवलेला क्रँक आयुष्यभर थरथरतो.

थंड असताना पोकळ टकटक. पाच मिनिटांनी जाते.

पिस्टन सिलिंडरमध्ये जरा सैल झालाय. धूर नसेल, ऑईल कमी होत नसेल, तर यावर पैसे घालू नका. सकाळी सावकाश निघा, लगेच पूर्ण मूठ देऊ नका. अशी गाडी वर्षानुवर्षं चालते.

निळा धूर दिसायला लागला आणि हजार किलोमीटरमध्ये ऑईलची पातळी खाली गेली, की हाफ इंजिनची, म्हणजे सिलिंडर-पिस्टनच्या कामाची, वेळ आली. लेथवाल्याकडे बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन बसतो : ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशी मापं असतात. आधी कितवं झालंय हे पिस्टनच्या डोक्यावर छापलेलं असतं. लेथवाल्याला नवा पिस्टन हातात द्या आणि त्या पिस्टनवर बोअर मारायला सांगा, नुसत्या मापावर नको. त्यानंतरचे पहिले पाचशे किलोमीटर हळू, आणि मग ऑईल बदलायचं.

घाटात वरच्या गिअरमध्ये किणकिण येते.

पेट्रोलचा भडका वेळेआधी उडतोय. बाटलीत गोट्या हलवल्यासारखा आवाज असतो. आधी चालवण्यात बदल करा : गिअर खाली घ्या, मूठ पिळून चौथ्यातच ओढत राहू नका. त्याने गेला नाही तर हेडमध्ये साचलेला कार्बन, कार्बोरेटरमधून कमी पेट्रोल, चुकीचा प्लग किंवा भेसळीचं पेट्रोल हे बघा. इग्निशन सीडीआयवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, आहे, त्यामुळे पॉइंट फिरवून टायमिंग मागे घेण्याचा जुना उपाय इथे नाही.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. त्यामुळे आवाज वाढतो का?

किणकिण तरी इथेनॉलमुळे वाढत नाही, कारण इथेनॉलने ऑक्टेन, म्हणजे वेळेआधी भडका न उडू देण्याची पेट्रोलची ताकद, वाढतो. जुन्या गाडीला त्रास दुसरीकडून होतो. कार्बोरेटर आपोआप जुळवून घेत नाही, म्हणून मिश्रण थोडं पातळ होतं आणि मूठ सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटके ऐकू येऊ शकतात. जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधली रबरं फुगतात, कडक होतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. पेट्रोलचा पाइप आणि कार्बोरेटरची रबरं एकदा बदलून घ्या, फार खर्च नाही.

फट-फट आवाज येतो, जणू सायलेन्सर फुटलाय.

बहुतेक वेळा बेंड जिथे हेडला मिळतो तिथलं पॅकिंग गेलेलं असतं. जोडाभोवती काळी काजळी दिसेल. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओलं फडकं क्षणभर धरा. गळती असेल तिथून फुसफुस वाढते. दोन नट आणि एक पॅकिंग, अर्ध्या तासाचं काम.

क्लच दाबला की आवाज बदलतो.

आधी केबल बघा. केबल फार ताणलेली असेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो. क्लचच्या लिव्हरशी थोडा मोकळा खेळ ठेवून पुन्हा ऐका. तरी राहिला तर क्लचच्या हाऊसिंगचे दात, स्प्रिंगा, किंवा गिअरबॉक्सचं बेअरिंग. उजवं कव्हर उघडलंच आहे तर तिथला फिरता ऑईल फिल्टर आणि खालची जाळी साफ करून घ्या. दहा-दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या फिल्टरमधून काळ्या डांबरासारखा थर निघतो.

फक्त ४५ च्या स्पीडला खडखडतं, आधी नाही, नंतर नाही.

इंजिनाला हात लावण्याआधी बाहेरचं सगळं दाबून बघा. ठराविक वेगाला येणारा आवाज बहुतेक वेळा पत्र्याचा असतो. मी तीन आठवडे टायमिंग चेनच्या मागे होतो आणि शेवटी साडीगार्डचा खालचा बोल्ट सैल निघाला. चेन कव्हर, सायलेन्सरची जाळी, लेगगार्ड, नंबर प्लेट, स्टँडची स्प्रिंग, इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट, एकेक घट्ट धरून रेस करून बघा. आवाज थांबला की सापडला.

जाड ऑईल घातलं तर आवाज जाईल का?

कमी होईल. झीज तशीच राहील. शिवाय थंड सकाळी जाड ऑईल वर कॅमपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणजे ज्या क्षणी सगळ्यात जास्त झीज होते तेव्हाच हेड कोरडं राहतं. पुस्तिकेतला ग्रेड वापरा, आणि इंजिन खरंच जुनं झालं असेल तर मेकॅनिकशी बोलून एक पायरी जाड, त्यापुढे नको. डब्यावर 'जासो एमए' (ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचला चालतं अशी खूण) लिहिलेलं हवं. कारचं ऑईल घालू नका. या गाडीचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑईलने तो घसरायला लागतो. आवाज बंद करण्याच्या बाटल्या मिळतात, त्यांचे पैसे मी वेळेवर ऑईल बदलण्यावर घालतो.

पातळी दर रविवारी बघा : मेन स्टँडवर, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून, मग तेवढाच वेळ थांबून. डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवून बसवायची नाही, नाहीतर पातळी खरीपेक्षा जास्त दिसते.

मेकॅनिककडे गेल्यावर आवाज येतच नाही. काय करायचं?

गरम गाडी नेलीत म्हणून. थंडीतला आवाज असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्येच ठेवा आणि सकाळी किक त्यांनाच मारू द्या. फोनवर रेकॉर्ड केलंत तर दर वेळी फोन त्याच जागी, त्याच अंतरावर धरा, तरच दोन महिन्यांतला फरक कळेल. आणि "टायमिंग चेन करा" असं सांगत जाऊ नका. कधी येतो, कुठून येतो, काय केल्यावर बदलतो एवढं सांगा. निदान त्यांना करू द्या, कारण तुम्ही सांगितलेलं काम ते करून देतील आणि आवाज तसाच राहील.

जुनी स्प्लेंडर विकत घ्यायची आहे. इंजिन कसं ऐकायचं?

न कळवता थोडं लवकर पोचा आणि सगळ्यात आधी इंजिनावर हात ठेवा. गरम असेल तर विकणाऱ्याने थंड किकचा आवाज लपवला असण्याची शक्यता आहे. दुपारी परत येतो म्हणा. डिपस्टिकवरचं ऑईल दोन बोटांत चोळा. मधासारखं जाड लागलं तर आवाज दाबलेला आहे, चकचकीत कण दिसले तर गाडी सोडून द्या. टिकटिक करणारी, पण धूर न सोडणारी, एका किकमध्ये उठणारी गाडी मी घेईन. अगदी गप्प इंजिन दिसलं तर टॅपेटचं झाकण उघडून फट मोजल्याशिवाय पैसे देणार नाही. आरसीची १५ वर्षं संपली असतील तर पुढच्या ५ वर्षांचं नूतनीकरण झालंय का, हेही त्याच वेळी बघून घ्या.